चालत्या गाडीतलं पथ्य

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. घरात राहणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. सकाळ म्हणजे नाश्ता झाल्यावर, रात्र म्हणजे पानावरून उठल्यावर, आणि विसरलं तर घरातलं कुणीतरी हटकतंच. पण कळंबोलीहून लोखंड भरून रात्री अकराला निघालेल्या ट्रक ड्रायव्हरची सकाळ कुठली धरायची? तो पहाटे साताऱ्याच्या पुढे कुठेतरी गाडी कडेला घेऊन आडवा होतो, उन्हं वर आल्यावर उठतो, पहिलं जेवण दुपारी दोनला कोल्हापूरच्या अलीकडच्या ढाब्यावर घेतो. चिठ्ठीतलं मधलं शून्य तेवढं त्याला नेमाने पाळता येतं.

अमेरिकेत निवृत्त जोडपी घरासारखी गाडी घेऊन महिनोन्महिने हिंडतात. त्यांनाही औषधांची तजवीज करावी लागते, पण त्यांच्या गाडीत फ्रीज असतो आणि कुठे किती दिवस थांबायचं ते त्यांचं ते ठरवतात. आपल्याकडे गाडीत राहणारा माणूस हौसेने राहत नाही. सीटमागची फळी हे त्याचं अंथरूण. त्याचा मुक्काम कधी माल ठरवतो, कधी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. अशा माणसाला मधुमेह झाला, की आजाराच्या बरोबरीने त्याला उन्हाशी आणि घड्याळाशीही झगडावं लागतं.

इन्सुलिनचंच बघा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. वापरायला काढलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण तीही तिशीच्या आतल्या तापमानात. मे महिन्यात सोलापूरकडे उन्हात उभ्या केलेल्या केबिनमध्ये माणूस बसू शकत नाही, तिथे ही बाटली डॅशबोर्डच्या खणात पडलेली असते. बरं, इन्सुलिन बिघडलं तर दुधासारखं नासलेलं कळेल, असंही नाही. दुधाळ प्रकारात कधी गुठळ्या दिसतात, पण पाण्यासारखं स्वच्छ असलेलं इन्सुलिन ताकद गेली तरी तसंच स्वच्छ दिसू शकतं. मग साखर वाढते. वाटेतला डॉक्टर डोस वाढवतो. त्याच्या जागी तो बरोबरच असतो. पुढच्या गावात नवी, धड बाटली मिळते, वाढवलेला डोस तिच्यातून जातो आणि साखर धाडकन उतरते.

म्हणून काही जण बर्फाच्या डब्यात बाटली ठेवतात. बर्फाला चिकटून ती गोठली तरी औषध वायाच गेलं. दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून आत बाटली ठेवायची युक्ती घरात चांगली चालते, पण खड्ड्यांतून जाणाऱ्या ट्रकमध्ये मडकं टिकणार किती? पाण्यात भिजवून वापरायच्या थंडाव्याच्या पिशव्या मिळतात. माठातलं पाणी जसं गार होतं त्याच तत्त्वावर त्या चालतात, म्हणून कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यांचा जोर कमी पडतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातून निघणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. चांगलं झालं. मात्र रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो नियम नाही, आणि रात्री झोपताना एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर डिझेलचा हिशोब कुणाला द्यायचा, हा प्रश्न नव्या गाडीतही उरतो.

याहून अवघड गोष्ट जेवणाची. सुई घेतली, किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, आणि पुढच्या तासाभरात जेवायचं ठरलं होतं ते खंबाटकीच्या कोंडीत अडकलं. साखर सत्तरच्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, समोरचं दिसत असूनही उमगत नाही. अशा वेळी गाडी थांबवून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बिस्किटं चघळत बसू नये, त्यांचा गुण उशिरा येतो. साखर जागेवर आली तरी डोकं पुरतं ताळ्यावर यायला पाऊण तास लागू शकतो, तोवर स्टेअरिंग धरायचं नाही. हे सगळं बरोबर आहे. पण हा पाऊण तास ट्रान्सपोर्टच्या कुठल्याच हिशोबात नसतो. त्यामुळे घाटात अंधारी येण्यापेक्षा साखर थोडी चढलेली परवडली, असं म्हणून गाडी चालवायच्या दिवशी सुई टाळणारा ड्रायव्हर मला अडाणी वाटत नाही. समोर दिसणारा धोका तो टाळतो. न दिसणारा काही वर्षांनी पायांत उतरतो. ब्रेक आणि क्लच ज्या तळव्यांना कळायचे, ते बधिर होत जातात.

औषध मिळतच नाही, अशी आता स्थिती नाही. तालुक्याच्या गावी दुकान असतं, अनेक ठिकाणी जनऔषधी केंद्रही. अडतं ते ओळखीपाशी. मागच्या महिन्यात काय झालं, हे पाहिलेला डॉक्टर पुढच्या गावात नसतो. तो नव्याने सुरुवात करतो, वेगळ्या कंपनीची गोळी लिहितो, आणि पेशंट जुनी स्ट्रिप संपवायची म्हणून दोन नावांचं एकच औषध दोनदा घेतो. २०२१ पासून देशभर चौदा आकडी आभा क्रमांक मिळू लागला आहे, पण आपण गेलो त्या दवाखान्याने त्यात नोंद केली असेल तरच पुढच्याला काही दिसणार. शेवटच्या चिठ्ठीचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो फोनमध्ये ठेवणं हा साधा उपाय आजही जास्त भरवशाचा.

या बाबतीत क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमाचं मला कौतुक वाटतं. ‘निक्षय’ या नोंदणीत पेशंटला क्रमांक मिळतो, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर नोंद तिकडच्या केंद्राकडे सोपवता येते, गोळ्या फुकट, शिवाय पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये. नेहमीच्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे, आणि मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती. म्हणून पेशंट हलतो, हे व्यवस्थेने धरून चालायला हवंच होतं. पण त्यासाठी केंद्रावर ‘मी फिरतीवर असतो’ हे आधी सांगावं लागतं. आणि बोललं की मालकाच्या कानावर जाईल, मग गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल, या धास्तीने माणूस गप्प राहतो. उस्तादला काय झालंय, हे बहुतेक वेळा एकट्या क्लीनरला ठाऊक असतं.

दवाखाना चाकांवर नेण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १९९१ मध्ये लाइफलाइन एक्स्प्रेस निघाली. रेल्वेच्या डब्यांत शस्त्रक्रियागृह, आणि गाडी उभी राहील तिथल्या गोरगरिबांचे मोतीबिंदू, फाटलेले ओठ तिथेच दुरुस्त. पण मोतीबिंदू काढला की काम झालं. मधुमेह रोजचा. महामार्गांवर खास ट्रकवाल्यांसाठी दवाखाने निघाले ते एड्सच्या काळात. त्यांनी मोठं काम केलं. तरी त्यामागची नजर अशी, की हा माणूस आजार इकडून तिकडे नेणारा पूल आहे. त्याला स्वतःला रक्तदाब असेल, साखर असेल, हा विचार फार मागाहून आला.

गाडीमालकाकडे एक वही असते. पासिंग कधी, विमा कधी संपतो, टायर कधी बदलले, सगळं तिच्यात. ड्रायव्हरच्या औषधाची तारीख त्यात लिहून, त्या आठवड्याचं भाडं त्याच्या गावाच्या बाजूचं धरलं तर महिन्यातून एकदा त्याला ओळखीचा डॉक्टर भेटेल. आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी तर उपाशीपोटीही करावी लागत नाही. गोदामासमोर नंबर लागेपर्यंत दिवस-दिवस गाडी उभी असते, तेवढ्या वेळात जवळच्या लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन येता येतं.