भिंतीपलीकडचा शेजारी

स्वतःच्या घरात माणसाने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना माणसे राहतात हे ध्यानात आले, की उत्तर अवघड होऊ लागते.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. तेथील केंद्रीय गृहनिर्माण खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी भाडेघरांसाठी एक नियम प्रसिद्ध केला. अल्प उत्पन्नाची कुटुंबे, वृद्ध व अपंग यांना ही घरे माफक भाड्याने मिळतात. तेथे राहत्या खोल्यांत, जिन्यांत, कार्यालयांत आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत सिगारेट, चिरूट, पाइप वा हुक्का ओढू नये, असा तो नियम. जुलै २०१८ अखेरपर्यंत तो सर्वत्र अमलात आणावयाचा होता. सुमारे ९ लाख ४० हजार घरे त्याच्या कक्षेत आली.

नियमामागील कारण न्याय्य आहे. धुराला कडीकुलूप ठाऊक नसते. दाराच्या फटी, नळांची भोके, विजेच्या तारांच्या वाटा यांतून तो शेजारच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. दुसऱ्याच्या धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६ च्या अहवालाने दिला होता. दम्याने धापा टाकणारे मूलही गरिबाचेच असते आणि त्याच्या आईवडिलांना घर बदलणे परवडत नाही. त्या मुलाच्या श्वासापुढे शेजाऱ्याची हौस मोठी ठरू शकत नाही.

तरीही मन पूर्णपणे निश्चिंत होत नाही. स्वतःच्या बंगल्यात सिगारेट ओढणाऱ्या श्रीमंताला हा नियम शिवत नाही. तो लागू झाला केवळ सरकारच्या आश्रयाने राहणाऱ्यांना. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, गुडघे धरलेली एखादी वृद्धा डोळ्यांसमोर आणावी. पन्नास वर्षांची सवय घेऊन ऐन हिवाळ्यात, बर्फावरून तिने २५ फूट दूर जावयाचे. पुन्हा पुन्हा नियम मोडला, तर भाडेकरार रद्द होऊन घर जाण्याची भीती. बाहेर आडोसा बांधणे किंवा व्यसन सोडण्यास साहाय्य करणे मात्र गृहसंस्थांवर बंधनकारक केले गेले नाही. ते त्यांच्या मर्जीवर राहिले.

सवयीच्या बळामुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. व्यसनी मनुष्य अर्धा बंदिवान असतो. त्याला नुसते ‘सोड’ म्हणणे सोपे आहे. इतरांच्या खांद्यांवर जड ओझी ठेवून स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्री-परुशांना प्रभू येशूने दिलेला दोष येथे आठवतो. ओझे अन्यायाचेच होते असे नव्हे. ते वाहण्यास कोणी हात देत नव्हते, हे दुःख होते.

याउलट एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटविक्री बंद करण्याचा निर्णय पोप फ्रान्सिस यांनी घेतला. त्या विक्रीतून उत्पन्न मिळत होते. त्यावर पाणी सोडावे लागले. दुसऱ्याच्या आरोग्यासाठी नियम करणाऱ्याने स्वतःही काही गमावले. नियमाला नैतिक वजन येते ते अशाने.

आपल्या देशात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे. परंतु तो कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. तेथून पुढे सदसद्विवेकबुद्धीचे राज्य सुरू होते. आपल्या चाळींतून आणि नव्या इमारतींतूनही भिंती सामाईकच आहेत. आपल्या मांसाहारामुळे दुर्बल बंधूला अडखळण होत असेल तर तो कायमचा सोडण्याची तयारी संत पौलाने दाखविली होती. सिगारेट वा विडी ओढणाऱ्या बांधवाने तेवढ्यासाठी तरी घराबाहेर, मोकळ्या जागी जावे.

आणि ज्यांना त्या धुराचा त्रास होतो, त्यांनी सोसायटीकडे तक्रारीचा कागद देण्यापूर्वी एकदा शेजाऱ्याचे दार ठोठवावे, त्याच्याजवळ बसावे, व्यसन सोडण्यासाठी त्याला डॉक्टरांकडे जावयाचे असेल तर सोबत जावे. मुलाचा श्वास वाचलाच पाहिजे. पण त्यापायी शेजारी बेघर झाला, तर आपण अर्धाच न्याय केला असे होईल.