समुद्र दोन मिनिटांवर

मुंबईत नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं. रिटायर झालो की गावी जायचं. लोकलमध्ये, चाळीच्या गॅलरीत, बँकेच्या कॅन्टीनमध्ये मी ते आयुष्यभर ऐकलं. पण ते बोलणारे सगळे पुरुष होते. नवरा हे वाक्य उच्चारतो तेव्हा बायको बहुधा कोथिंबीर निवडत असते आणि नुसती मान हलवते. तिला गाव नको असतं असं नाही. गावी गेल्यावर ओटीवर कोण बसणार आणि माजघरात कोण उभं राहणार, हे तिला तेव्हाच दिसत असतं, इतकंच.

आम्हीही आलो. दापोली तालुक्यात, हर्णै आणि मुरूड यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं घर आहे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळींचं आगर, आगराच्या टोकाला सुरूचं बन आणि पलीकडे पुळण. समुद्र घरापासून दोन मिनिटांवर. फोनवर पाहुण्यांना पत्ता सांगताना आमचे हे ती ‘दोन मिनिटं’ अशी काही उच्चारतात, जणू भरतीची वेळ तेच ठरवतात.

सकाळी सहाला पुळणीवर निवृत्तांचा जथा असतो. कुणी बेस्टमधला, कुणी महापालिकेतला, कुणी आयुर्विम्यातला. ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी घरी पाठवलेली ही मंडळी चालून झालं की वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसतात. राजकारण, गुडघे, मुलांची पॅकेजं, सुपारीचा भाव. गप्पा रंगतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तिथे बसायला आवडलं असतं. पण सहा ते आठ ही नळाला पाणी यायची वेळ. भरून ठेवलं नाही तर दिवसभर पंप आणि विहीर.

२०१९ साली केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभरातल्या लोकांना त्यांच्या चोवीस तासांचा हिशेब विचारला होता. कुठल्याही एका दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के निघाल्या, पुरुष २६ टक्के. जे हात लावतात त्यांच्यातही बायकांची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. आकडे पाहून कुणी दचकलं असेल असं मला वाटत नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. नोकरीच्या आठ तासांना शेवटची तारीख असते, या २९९ मिनिटांना नसते. मीही शाळेतून रीतसर निवृत्त झाले आहे. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणांत ‘आता आराम करा’ असं तीन-चार जणांनी बजावलं. घरी आल्यावर शाल कपाटात ठेवली आणि श्रीफळ फोडून आमटीत घातलं, कारण दुसरा नारळ घरात नव्हता.

आमच्या गावानं एकदा काही आठवडे वेगळा कारभार पाहिला. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं आणि या किनाऱ्यावरची आगरं आडवी झाली. पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या. विजेचे खांब गेले, वीज कित्येक दिवस आली नाही. पंप बंद, म्हणजे पाणी रहाटानं काढायचं. तेव्हा वाडीतले सगळे पुरुष पाणी ओढत होते. साठी-पासष्टीचे लोक कळश्या वाहत होते, लाकडं फोडत होते, उघड्या चुलीवर भात चढवत होते, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता. मग वीज आली. पंप सुरू झाले, खटका दाबायचं काम पुन्हा आमच्याकडे आलं आणि मंडळी ओंडक्यावर परत गेली. कामाला ताकद लागते म्हणून ते पुरुषाचं, हे खरं असेलही. पण ताकद नको झाली की तेच काम बाईकडे का येतं, याचं उत्तर मला त्या ओंडक्यावरच्या कुणीही दिलेलं नाही.

मे महिन्यात मुलं येतात. पुण्याहून एक, परदेशातून आला तर दुसरा, नातवंडं, त्यांचे मित्र. घर गजबजतं आणि ते मला मनापासून हवं असतं. त्याच महिन्यात आगोटही असते. पावसाळ्याची बेगमी करायची ती याच उन्हात. कोकम फोडून आमसुलं घालायची, आंबोशी वाळत टाकायची, फणसाची साठं, पापड, मिरगुंडं. एकीकडे ताटांवर साठं वाळताहेत, कावळे हाकायला कुणी नाही, दुसरीकडे तव्यावर घावन, आणि पुळणीवरून ओरडत येणारी पोरं: आजी, आज मोदक! समुद्राहून सगळे भुकेले येतात. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीमागे घरात कुणीतरी स्वयंपाक करत असतं, हे आम्हा किनाऱ्यावरच्या बायकांना चांगलं ठाऊक आहे.

‘आजीच्या हातचं’ या दोन शब्दांविषयी मला थोडी तक्रार आहे. ते कौतुक खोटं नसतं, पण त्याला नाही म्हणता येत नाही. मालकानं सांगितलेलं काम टाळता येतं, प्रेमानं मागितलेलं टाळलं तर आपणच अपराधी. गेल्या काही वर्षांत मी पाहते, माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी मे महिना संपला की दवाखाना गाठतात. कंबर, टाचा, रक्तदाब. डॉक्टर म्हणतात, विश्रांती घ्या. मुलं फोनवर म्हणतात, आई, तू उगाच दगदग करतेस, आम्ही कुठे सांगितलं होतं? आणि त्यांनी सांगितलेलं नसतंच.

मग सुनेनं करावं? हा उपाय सुचवणारे पुष्कळ असतात. माझी सून वर्षभर ऑफिस, प्रवास आणि मुलांचे क्लास यांत भरडून निघते आणि चार दिवस इथे येते. तिनं तेही चार दिवस ओट्याशी काढले तर माझ्या विश्रांतीला अर्थ काय? मग कामाला बाई ठेवू. ठेवली आहे. ती वरच्या वाडीतून चढण उतरून येते, तीन घरं करते आणि तिच्या स्वतःच्या घरी सासरा अंथरुणाला खिळलेला आहे. मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे, म्हणजे तिचं काम दुप्पट. आम्ही पैसे जास्त देतो, तेवढं तरी करतो. पण तिची मुलं सुट्टीत आईला पाहतात ती रात्री आठनंतर. एकीचा विसावा दुसरीच्या गळ्यात, दुसरीचा तिसरीच्या, असा तो उतारावरून खाली खाली जात राहतो. मधल्या मधे आम्ही बायका एकमेकींवर रुसतो. वरच्या टोकाला ओंडक्यावर बसलेल्या माणसापर्यंत ही गोष्ट पोचतच नाही. त्याचा स्वभाव वाईट असतो असं मुळीच नाही. बहुतेक वेळा तो प्रेमळ असतो, त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

हर्णैच्या बंदरात मी अधूनमधून सुकी मासळी घ्यायला जाते. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर लिलावाचा कल्ला. तिथे कडेला सुकट, बोंबील, जवळा मांडून बसणाऱ्या एका म्हातारीशी माझी ओळख आहे. सत्तरीच्या पुढे असावी. तिचा नवरा आता दर्यावर जात नाही, घरी जाळी शिवत बसतो. जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि पुरुषांना सक्तीची सुट्टी लागते. “आणि तुम्हाला?” मी विचारलं. ती हसली. “आमचा खरा धंदा तर तेवाच, बाय. ताजी नाय म्हटल्यावर सुकी खपतेच की.” पेन्शन, ग्रॅच्युइटी, शाल-श्रीफळ हे शब्द तिच्या आयुष्यात कधी आलेच नाहीत. निवृत्ती ही कचेरीनं शोधलेली गोष्ट आहे आणि कचेरीबाहेर ती पोचलेली नाही, हे तिच्यासमोर बसल्यावर कळतं. बसून राहायला आवडेल का, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं जवळा तोलून घेतला.

मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. म्हातारपण कसं घालवावं याचा आदर्श म्हणून ओंडक्यावरच्या बैठकीत त्यांचं नाव हमखास निघतं, आणि ते योग्यच आहे. सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला निघाले. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोचावं म्हणून त्यांनी संस्था काढली. १९४४ साली समता संघ. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. विसाव्याचा शब्द नाही. पण या बैठकीत बाया कर्व्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि याच मुरूडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या गोदूबाई म्हणजे बाया. नवऱ्याची मिळकत, वेळ, सगळं विधवांसाठीच्या आश्रमाकडे जात असताना घर कसं चाललं, पोरं कशी वाढली, हे त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, आणि लिहिताना नवऱ्याच्या थोरवीची भीड फारशी धरलेली नाही. ते पुस्तकही १९४४ सालचंच. ज्या वर्षी घरातला एक माणूस समतेसाठी संघ काढत होता, त्याच वर्षी घरातल्या दुसऱ्या माणसानं आपला हिशेब छापून दिला. मला दोघांबद्दलही आदर आहे. पण मोठ्या माणसाच्या भरल्या म्हातारपणाची गोष्ट सांगताना ती पानं गाळली तर गोष्ट अर्धीच राहते.

आमच्या वाडीतल्या बायका घराबाहेर पडतच नाहीत असं कुणी समजू नये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरी पार केलेल्यांना तर त्याच्या आधीपासून प्रवास फुकट आहे. तेव्हापासून आम्ही भटकतो. कड्यावरचा गणपती झाला, पंढरपूर झालं, मार्लेश्वर झालं. फक्त प्रत्येक सहलीला देव लागतो. देवाला जाते म्हटलं की घरातून लगेच परवानगी, वर प्रसादासाठी पैसे. समुद्रावर जाऊन नुसती बसते म्हटलं की पहिला प्रश्न: का गं, काही झालं का? पुरुषाला पुळणीवर बसायला कारण लागत नाही. बाईच्या रिकाम्या वेळाला हळदीकुंकू, भजन, एकादशी यांपैकी कशाचा तरी शिक्का लागतो.

सध्या गावात विरंगुळा केंद्राची चर्चा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या संघाला ग्रामपंचायतीनं समुद्राच्या अंगाची एक रिकामी खोली द्यायचं कबूल केलंय. वेळापत्रकाचा कागद आमच्या ह्यांनीच घरी आणला. सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात. म्हणजे दुपारच्या स्वयंपाकाची वेळ आणि दिवेलागणीची वेळ. मी विचारलं, बायका केव्हा येणार? ते प्रामाणिकपणे म्हणाले, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यानंतर आम्ही काही जणी बैठकीला गेलो. आम्हाला दुपारी दोन ते चार खोली हवी असं सांगितलं. पंखा, चार आरामखुर्च्या, खिडकी समुद्राकडची. पाककृती स्पर्धा नको, भजन नको, आरोग्य शिबिर नको. मग तुम्ही तिथे करणार काय, असं एका सद्गृहस्थांनी विचारलं. तुम्ही ओंडक्यावर करता तेच, असं आमच्यातली एक म्हणाली. दुपारी कोण येणार, सगळे झोपलेले असतात, अशीही एक हरकत निघाली. त्या ‘सगळे’वर थोडा वाद झाला.

अखेर ठराव मंजूर झाला. आमच्या ह्यांनी बाजूनं हात वर केला, हे नोंदवलं पाहिजे. मे महिन्यात चारनंतर आमच्या स्वयंपाकघराला कडी लागेल आणि चहा ज्याचा त्यानं करायचा, हेही त्यांनीच मुलांना फोनवर कळवलं. धाकट्यानं विचारलं, आईला बरं नाही का?

आता फक्त किल्लीचं ठरायचं आहे. अध्यक्ष म्हणतात, ती माझ्याकडे राहू दे, तुम्हाला हवी तेव्हा घरी येऊन मागून न्या. अध्यक्ष रोज दुपारी दोन ते चार झोपतात.