रसिकांच्या नावावरची बाकी

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बसथांब्यावर चार जुने शौकीन चहाला बसले आणि तमाशाचा विषय निघाला, की विठाबाई नारायणगावकरांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. मालेगावच्या खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातली थंडी, घोड्यांचा बाजार आणि रात्री कनातीत उभा राहिलेला फड, सगळं त्यांना काल पाहिल्यासारखं आठवतं. मग कुणीतरी ती गोष्ट काढतो. "दगडानं नाळ तोडली अन् पुन्हा बोर्डावर उभी ऱ्हायली बाई! हाय का आज कोन असं?" सगळे मान डोलावतात. त्यानंतर आवाज खाली येतो आणि शेवटच्या दिवसांचं बोलणं होतं. दवाखान्याचं बिल भरायला पैसे नव्हते, लोकांनी मदत गोळा केली, वगैरे. थोडी हळहळ होते, चहाचे पैसे दिले जातात, मंडळी उठतात.

माझं भांडण या हळहळीशी आहे.

आधी बाईंचं मोठेपण. १९३५ साली पंढरपुरात जन्म, बाप आणि चुलता 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाजलेल्या फडाचे धनी. जात फडाच्या नावातच होती आणि बाईंनीही ती आपल्या नावातून कधी गाळली नाही. तमाशातलं गाणं बैठकीच्या गाण्यासारखं नसतं. माळावर हजारोंची गर्दी, मागं ढोलकी आणि हलगी कडकडतेय, पायात घुंगरांचं ओझं, आणि त्यात नाचता नाचता शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा. दहा वाजता गवळणीत खट्याळ व्हायचं, मध्यरात्री लावणी पेलायची आणि पहाटे वगात तीच बाई रडवणार. एका गळ्यातून इतकं काढून घेणारी कला महाराष्ट्रात दुसरी नाही, असं माझं मत आहे. विठाबाईंनी ते अनेक दशकं केलं. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या त्या हलाखीत.

आता ती नाळेची गोष्ट. ती जशी सांगितली जाते तशीच घेऊ. दिवस भरलेली बाई खेळ करते आहे. वेणा सुरू होतात. ती आत जाते, बाळंत होते, दगडानं नाळ तोडते, पदर खोचून पुन्हा लोकांसमोर येते. लोकांच्या लक्षात येतं, ते हात जोडतात आणि खेळ थांबवतात. आपण टाळी कुठं देतो? बाईच्या धैर्याला. ती द्यावीच. पण नऊ महिन्यांची गरोदर बाई नाचायला उभी राहिली तेव्हा समोर बसलेल्या एवढ्या माणसांत "बाई, तुम्ही बसा" म्हणणारं कुणी कसं नव्हतं? तिकिटाचे पैसे परत मागणार नाही, असा भरवसा रसिकांनी आधी दिला असता तर ती आत राहुटीत राहिली असती. हात जोडले गेले ते दगडाचा घाव बसल्यावर. ही गोष्ट त्या बाईच्या शौर्याची आहे तितकीच समोर बसलेल्या गर्दीच्या लाजेचीही आहे. दुसरा भाग आपण सांगत नाही, कारण त्या गर्दीत आपले बापजादे होते.

कलावंताच्या पडझडीची कारणं शोधतानाही आपली नजर अशीच सोयीची असते. पठ्ठे बापूरावांनी कुलकर्णीपण सोडलं, ढिगानं लावण्या लिहिल्या आणि विपन्नावस्थेत डोळे मिटले. खापर फुटलं त्यांच्या जोडीनं नाचणाऱ्या पवळाबाईवर. बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचं सारं बिल रसिकांनी त्यांच्या आयुष्यात आलेल्या गोहरबाईंच्या नावानं फाडलं. गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर गोहरबाई येण्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच चढला होता, हे माहीत असलेले लोकही तेच बोलत राहिले. एकीकडे महार बाई, दुसरीकडे मुसलमान बाई! दोष द्यायला अशी माणसं हाताशी असली की आपल्याला आरशात बघावं लागत नाही. तरी बालगंधर्वांचं नशीब म्हणायचं, की पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचा पाया १९६२ मध्ये त्यांच्याच हातून घातला गेला. तमाशातल्या बाईला तेवढंही नाही. विठाबाईंच्या नावानं शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो २००६ मध्ये, त्या गेल्यावर चार वर्षांनी.

"पैसा आला तेव्हा राखायला नको का?" असं कुणी म्हणेल. दारू, जुगार, बेहिशेबी उधळपट्टी या गोष्टी फडांत होत्या आणि आहेत, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण फडाचा हिशेब तरी एकदा पाहा. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं. हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, पुढं पावसाळाभर चूल पेटवायची ती कर्जावर. कलावंत पुढच्या हंगामाची उचल घेतो, ती देण्यासाठी फडमालक सावकाराकडून पैसे उचलतो आणि चैत्रातल्या सुपाऱ्या झाल्या की आधी व्याज फेडतो. नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात तेव्हा घासाघीस शेवटच्या हजारापर्यंत होते. दोनचार हंगाम पावसानं किंवा साथीनं बुडाले की संपलं. २०२० आणि २०२१ मध्ये यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज करा. आणि ज्या दौलतजादाचा आपण एवढा डौल मिरवतो, त्या नोटा दाखवत दाखवत दिल्या जातात. म्हातारपणी औषधाला त्यातली एकही उरत नाही.

२०२३ मध्ये शांताबाई कोपरगावकरांचा व्हिडिओ घराघरांत पोचला. लालबागचं हनुमान थिएटर गाजवलेली ही बाई पंचाहत्तरीत कोपरगावच्या बसस्टँडवर राहत होती आणि तिथंच हातवारे करून लावणी म्हणत होती. व्हिडिओ फिरल्यावर मदत आली, वृद्धाश्रमात सोय झाली. चांगलं झालं. पण त्याआधी त्या स्टँडवरून रोज किती एसट्या सुटल्या असतील आणि त्यांत तमाशाचे किती शौकीन बसले असतील? मोबाइलचा कॅमेरा रोखला जाईपर्यंत ती आपल्याला म्हातारी भिकारीण वाटली. कॅमेऱ्यानंतर ती पुन्हा कलावंत झाली.

आपल्या परभणी जिल्ह्याला हे परकं नाही. गोंधळी राजारामभाऊ कदम इथलेच. वासुदेव, वाघ्यामुरळी, भारुडी, जलशात गाणारे, पूर्णेच्या पट्ट्यात भीमगीतांवर रात्र जागवणारे गायक, असं कुणी ना कुणी प्रत्येक गावात असतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांसाठी शासनाची मानधन योजना आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते आणि महिन्याला ५,००० रुपये देते. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. खरी अडचण अर्जापाशी नाही, पुराव्यापाशी आहे. किती वर्षं कला सादर केली ते कागदावर दाखवा, म्हणतात. ज्या बाईनं तीस वर्षं गावोगावी घुंगरू बांधले तिच्याजवळ कागद कुठला असणार? सुपारी तोंडी ठरली, पैसे हातात मिळाले आणि पहाटे ट्रक निघून गेला. कात्रणं जपायला पेटी नव्हती, वाचायला अक्षर नव्हतं. परिणाम असा, की जिला चांगलं गाता येतं तिचा अर्ज अडकतो आणि ज्याला फाइल चांगली लावता येते त्याचा पुढं सरकतो.

याला उपाय आहे आणि तो गावाच्याच हातात आहे. ताडकळस आणि आसपासच्या गावांतल्या यात्रा कमिट्यांनी, जयंती मंडळांनी, सप्ताहाच्या आयोजकांनी या वर्षापासून एवढं करावं. जो कलावंत गावात गाऊन, नाचून, वाजवून जाईल त्याला बिदागीबरोबर सही-शिक्क्याचा कागद द्यावा. त्यावर नाव, तारीख, कला आणि दिलेली रक्कम असावी. ढोलकीवाल्याला वेगळा, तुणतुणेवाल्याला वेगळा, मागं झील धरणाऱ्या बाईलाही वेगळा. ग्रामपंचायतीनं त्याची एक प्रत आपल्या दप्तरात ठेवावी. मागच्या वर्षांतलं ज्यांना आठवतं त्या शौकिनांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, की अमुक साली, अमुक यात्रेत, या बाईला आम्ही ऐकलं आहे. चहाच्या टेबलावर जी आठवण फुकट जाते ती एकदा कलावंताच्या अर्जाच्या कामी येऊ द्या. आणि डीजेसाठी वर्गणी काढताना त्यातला दहावा भाग गावातल्या म्हाताऱ्या कलावंताच्या औषधासाठी बाजूला काढा. कुणी नको म्हटलं तर त्याचं नाव वर्गणीच्या वहीत लिहून ठेवा.

पुढची यात्रा येईलच. कमिटीची बैठक बसेल तेव्हा वाचकहो, हा विषय तुम्ही काढा.