दोन सेकंदांचा शेजारधर्म



प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी आपण मनाशी उजळणी करतो. रागावलो, खोटे बोललो, प्रार्थनेत कुचराई केली, शेजाऱ्याशी अबोला धरला. ही यादी आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ आहे. तिच्यात 'पुढच्या गाडीला चिकटून गाडी चालवली' असे वाक्य मात्र सहसा नसते. गाडी चालवणे ही आपण कौशल्याची बाब मानतो, फार तर कायद्याची. पकडले तर दंड भरायचा, नाही पकडले तर विषय संपला. सदसद्विवेकबुद्धीचा तेथे संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे.

ख्रिस्तसभेने मात्र हा संबंध फार पूर्वीच दाखवून दिला आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. नीतिमत्ता ही केवळ घरापुरती, स्वतःपुरती नसते हे सांगताना महासभेने जी उदाहरणे दिली, त्यांत वेगमर्यादेचे नियम क्षुल्लक मानणाऱ्यांचेही उदाहरण आहे. पुढे २००७ साली व्हॅटिकनच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्यासाठी असलेल्या परिषदेने रस्त्यावरील मेषपालकीय सेवेसाठी एक मार्गदर्शिका काढली. तीत वाहनचालकांसाठी चक्क दहा आज्ञा आहेत. पहिली आज्ञा मनुष्यवधाच्या मनाईची आहे. पाचवी आज्ञा मोटारीला सत्ता गाजवण्याचे साधन बनवू नका, असे बजावणारी आहे.

आपल्याला या विषयाची निकड अधिक आहे, कारण मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या दाराशी आहे. पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन दादरला जाणारे आपल्यातलेच आहेत. पाळीसाठी कारखान्यात जाणारे, मोटरसायकलवरून कॉलेज गाठणारी मुले, डिसेंबरात गाडी करून जुन्या गोव्याच्या फेस्ताला निघणारी कुटुंबे, हीसुद्धा आपलीच. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी साधारण पाचातला एक अपघात मागून धडक बसल्याने झालेला होता. म्हणजे मागच्याने पुढच्याला पुरेशी जागा दिली नव्हती किंवा त्याचे पुढे लक्ष नव्हते.

ही जागा किती असावी? २०१७ च्या वाहनचालनाच्या केंद्रीय नियमांत आणि त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही एकच गोष्ट सांगितली आहे. पुढची गाडी अचानक थांबली तरी टक्कर होणार नाही, इतके अंतर मागच्याने ठेवावे. ते मोजण्याची रीत सोपी आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा मैलाच्या दगडापाशी पोचली, की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असे म्हणावे. ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे अंतर दुप्पट करावे. भरलेला टेम्पो किंवा ट्रक असेल तर आणखी वाढवावे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. पुढचे लाल दिवे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात आपण २२ मीटर पुढे गेलेलो असतो आणि ब्रेक अजून लागलेलाही नसतो. त्यातच वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ८० च्या वेगाने पुढच्या गाडीपासून दहा मीटरवर चालणारा माणूस कितीही तरबेज असला, तरी त्याच्या हातापायांना वेळच मिळत नाही. त्याची सगळी मदार पुढच्याला अचानक ब्रेक लावावा लागणार नाही, यावर असते.

आता यातून मिळते काय, तेही पाहू. दोन सेकंदांचे अंतर म्हणजे या वेगाला सुमारे ४४ मीटर. एकजण ४४ मीटर मागे आहे आणि दुसरा १० मीटर. दोघेही पुढच्याच्याच वेगाने चालले आहेत. दोघांच्या पोचण्यात फरक पडतो तो ३४ मीटरचा, म्हणजे दीड सेकंदाचा. दीड सेकंदासाठी आपण स्वतःचा, शेजारी बसलेल्या पत्नीचा, मागे झोपलेल्या मुलांचा आणि पुढच्या अनोळखी कुटुंबाचा जीव टांगणीला लावतो. कोणताही शहाणा माणूस हिशेब करून असा सौदा करणार नाही. आपण तो करतो, कारण चिकटून चालण्यामागे बहुधा हिशेब नसतोच. पुढच्याने बाजूला व्हावे म्हणून दिलेला तो धाक असतो.

येथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. मागून चिकटणे, डिपर मारत राहणे, हॉर्नवरचा हात न काढणे यांतून आपण पुढच्या माणसाच्या भीतीचा उपयोग करून घेतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी अठराव्या शतकात आग्रहाने मांडले, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. पुढच्या गाडीत कोण आहे हे आपल्याला दिसत नाही. नुकताच परवाना मिळालेली मुलगी असेल, छातीत दुखू लागलेला म्हातारा असेल, मांडीवर बाळ घेतलेली आई असेल. आपल्याला दिसतो तो फक्त एक बंपर आणि एक नंबर. माणूस नजरेआड झाला, की समोर उरतो तो केवळ अडथळा, आणि अडथळ्याशी सभ्यतेने वागावे असे कोणाला वाटत नाही.

कोणी म्हणेल, 'पण फादर, अपघात तर झाला नाही ना? मग पाप कुठे?' या प्रश्नावर तत्त्वज्ञांनीही पुष्कळ विचार केला आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी नैतिक नशीब या कल्पनेची चर्चा केली. समजा, दोघे चालक सारख्याच बेफिकिरीने चालले आहेत. एकासमोर काहीच आले नाही, तो घरी जाऊन जेवला. दुसऱ्यासमोर मूल आले. जगाच्या दृष्टीने पहिला निर्दोष आणि दुसरा गुन्हेगार. न्यायालयाला परिणाम पाहावा लागतो, आणि ते योग्यही आहे. परंतु सदसद्विवेकबुद्धीपुढे दोघांची निवड एकच होती. दोघांनीही दुसऱ्याचा जीव आपल्या दीड सेकंदाहून स्वस्त ठरवला होता. पहिला सुखरूप घरी पोचला, यात त्याचा चांगुलपणा काहीच नाही.

मग हे अंतर आहे तरी काय? आम्हांला वाटते, ते पुढच्या माणसाच्या चुकीसाठी राखून ठेवलेली जागा आहे. तो दचकेल, त्याचे टायर फुटेल, त्याच्यासमोर कुत्रे येईल, त्याला वळण उशिरा आठवेल. यांतले काहीही झाले तरी आपण त्याच्या अंगावर जाणार नाही, अशी हमी आपण त्याला न सांगता देतो. क्षमा ही सहसा चूक झाल्यानंतर केली जाते. येथे ती आधीच करून ठेवावी लागते, कारण महामार्गावर नंतर वेळ मिळत नाही. ही जबाबदारी मागच्यावर येते, कारण पाहणारा तो आहे. पुढच्याचे डोळे पुढे असतात. संत थॉमस अक्विनास यांनी सुज्ञता या सद्गुणाचे घटक सांगताना दूरदृष्टी, परिस्थितीचे भान आणि सावधगिरी यांचा समावेश केला आहे. त्यांनी मोटार पाहिली नव्हती, पण चांगल्या चालकाला लागणारे तिन्ही गुण त्यांच्या यादीत आहेत.

नाण्याची दुसरी बाजूही पाहू. काहीजण ८० च्या वेगाने अगदी उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसतात. डावीकडची लेन मोकळी असते, मागे गाड्यांची रांग लागते, तरी ते हलत नाहीत. 'मी नियमात चाललो आहे, मागच्याला घाई असेल तर त्याने पाहावे,' असे त्यांचे म्हणणे. आपल्या देशात वाहतूक डावीकडून आहे आणि उजवी लेन ओव्हरटेक करण्यासाठी आहे. काम झाले की पुन्हा डावीकडे यायचे. ती अडवून बसणारा माणूस वेगाने नियमात असेल, पण वृत्तीने तो सार्वजनिक विहिरीवर आपलीच घागर लावून बसल्यासारखा असतो. मागच्या गाडीत कदाचित रुग्ण असेल. नसला तरी त्याला शिस्त लावण्याचे काम आपल्याकडे कोणी सोपवलेले नाही. शिवाय अशा अडवणुकीमुळेच लोक डावीकडून घुसतात, आणि डावीकडे ट्रक आणि मोटरसायकली असतात. चिकटणारा आणि अडवणारा एकमेकांवर चिडलेले असतात, पण दोघांचा समज एकच असतो, की रस्ता माझा आहे.

लेनची शिस्त रस्ता अरुंद होतो तेथे विशेष लागते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलापाशी तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होतो. तेथेच ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. त्या घटनेचा न्याय करणे आपले काम नाही. पण तीन रांगांना दोन व्हायचे असते, तेव्हा कोणीतरी कोणालातरी आत घ्यावे लागते, आणि ते आधीपासून अंतर असेल तरच जमते.

आता सर्वांत अवघड हरकत. आपले तरुण नेहमी म्हणतात, 'फादर, अंतर ठेवले की लगेच दुसरा त्यात गाडी घालतो. मग पुन्हा मागे व्हा, पुन्हा तिसरा घुसतो. चांगले वागणारा मूर्खच ठरतो.' ही तक्रार खरी आहे, आणि ती केवळ रस्त्यापुरती नाही. रांगेत, कार्यालयात, भावकीच्या वाटणीतही आपण हेच म्हणतो. जेथे चांगुलपणाचा गैरफायदा घेतला जातो, तेथे चांगले का वागावे?

आधी हिशेब करू. एक गाडी आत आली आणि आपण पुन्हा दोन सेकंदांचे अंतर घेतले, तर आपले नुकसान साधारण दोन सेकंदांचे. दहा गाड्या आल्या तर वीस सेकंद. वसईहून सुरतेपर्यंत वाटेत पन्नासजण घुसले, तरी दोन मिनिटेसुद्धा होत नाहीत. आपल्याला बोचतो तो वेळ नसतो. 'त्याने मला फसवले' ही भावना बोचते. म्हणजे जखम अहंकाराला झालेली असते आणि तिचा सूड आपण ब्रेक न दाबता घेऊ पाहतो.

दुसरी गोष्ट, ते अंतर वाया गेलेले नसते. आत शिरणाऱ्यालाही त्या जागेमुळेच सुखरूप शिरता आले. आपण ती पुढच्यासाठी ठेवली होती, उपयोगी पडली ती बाजूच्याला. उपकाराचे असे पुष्कळदा होते. तिसरी गोष्ट विज्ञानाची. जपानमधील संशोधकांनी २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या सुमाराने चालवायला लावल्या. त्यांचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यात ना सिग्नल होता ना खड्डा, तरी थोड्याच वेळात कोंडी झाली. एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, असे करत शेवटी गाड्या थांबल्याच. पुढच्याचा किरकोळ धक्का पोटात घालणारे अंतर जर मध्ये असेल, तर तो धक्का तेथेच विरतो. म्हणजे आपण एकट्याने अंतर ठेवले तरी मागच्या दहाजणांना ब्रेक दाबावा लागत नाही. त्यांना ते कळत नाही, आणि आपल्यालाही ते दिसत नाही.

इतरांनी गैरफायदा घेतल्याने चांगल्या कृतीचे मोल कमी होत नाही. फक्त ती पुन्हा करावी लागते. पेत्राने प्रभूला किती वेळा क्षमा करावी असे विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर आपल्याला ठाऊक आहे. महामार्गावर त्या उत्तराचा अर्थ इतकाच, की कोणी आत आला की एक्सलेटरवरचा पाय थोडा उचलावा आणि पुन्हा मोजावे.

प्रभूने आपला शेजारी कोण, हे सांगण्यासाठी निवडली तीही रस्त्यावरचीच गोष्ट होती, यरुशलेम ते यरिहो या वाटेवरची. आपल्या देशाच्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने 'गुड समॅरिटन' हे नाव आले आहे. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता खटल्याचे बालंट येत नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तेव्हा कोणी जखमी दिसला तर न भिता थांबावे. पण दयाळू शोमरोनी जखमी माणूस पडल्यानंतर तेथे पोचला होता. अंतर राखणारा चालक ते काम कोणी पडण्याच्या आधीच करतो. त्याचे आभार कोणी मानत नाही, कारण काही घडलेलेच नसते.

या आठवड्यात आपण गाडीत बसण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारू या. पुढच्याला घाबरवून मी वाट काढतो का? मोकळी लेन असताना मी मागच्याला अडवतो का? कोणी आत शिरला की माझी जीभ आणि माझा पाय कोणाच्या ताब्यात असतात? मागच्या सीटवर बसलेली माझी मुले माझ्याकडून काय शिकत आहेत? धर्मशिक्षणाचा वर्ग आठवड्यातून एकदा असतो. गाडीतला वर्ग रोज भरतो.

सरावाला आजचा दिवस चांगला आहे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकातून सगळ्या गाड्या एकदमच बाहेर पडतात. तेथे एकमेकांना आधी जाऊ देण्यापासून सुरुवात करू या.

प्रभू आपणां सर्वांचा प्रवास सुखरूप करो.

आपले धर्मगुरू