शेताची कड

प्रिय नातीस,



तुझं पत्र पोचलं. रविवारी सकाळी तू आणि तुझ्या मैत्रिणी वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाता, हे वाचून मला फार आनंद झाला. पण त्यापायी उपासना चुकते, असंही तू लिहिलंस आणि पुढे विचारलंस, "माणसावर प्रेम केलं की देवावरचं झालंच ना, आजी?" त्याच पत्रात तुझ्या हॉस्टेलवरच्या त्या मुलीचीही तक्रार आहे. ती पहाटे उठून तासभर प्रार्थना करते आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना मात्र तोंडाला येईल ते बोलते. तिच्या प्रार्थनेचा उपयोग काय, असं तुझं म्हणणं. तुझे हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून एकाच पत्रात उत्तर लिहिते.

यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात एका शास्त्र्याने येशूला विचारलं होतं, की सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? त्याने एकच विचारली होती, येशूने दोन सांगितल्या. पहिली अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली: देवावर पूर्ण अंतःकरणाने, जिवाने, शक्तीने प्रीती करायची. ही आज्ञा यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत असे. दुसरी लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली: शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची. शास्त्र्याला उत्तर पटलं. होमबली आणि यज्ञ यांच्यापेक्षा हे मोठं आहे, असं तो बोलून गेला, आणि तेही जिथे रोज यज्ञ होत होते त्याच जागी उभा राहून. मार्काच्या बाराव्या अध्यायात हा प्रसंग आहे.

आता लेवीयचा तो एकोणिसावा अध्याय उघड. आपल्याकडे शेजारप्रीतीवर उपदेश पुष्कळ होतात, पण हा अध्याय फार थोडी माणसं सबंध वाचतात. प्रीतीची आज्ञा तिथे एकटी येत नाही. तिच्या आधी शेताची गोष्ट आहे. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, द्राक्षमळ्यात गळलेली द्राक्षं उचलू नका. ते सगळं गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मग मजुराची गोष्ट: त्याची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवायची नाही. मग बहिऱ्याला शिव्या न देण्याची आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा न ठेवण्याची. न्याय करताना श्रीमंताचं तोंड बघायचं नाही आणि गरिबाचंही बघायचं नाही. इकडचं तिकडे सांगत फिरायचं नाही. मनात आकस न ठेवता चुकणाऱ्याला तोंडावर सांगायचं. एवढं सगळं झाल्यावर प्रीतीची आज्ञा येते, आणि अध्याय संपतासंपता देव वजनकाट्याकडेही वळतो: माप खरं ठेवा.

म्हणजे देवाच्या लेखी प्रीती मनात दाटून येते की नाही, हा पुढचा प्रश्न. आधी मजुरी, माप आणि जीभ. आणि या आज्ञांमध्ये पुन्हा पुन्हा देव आपण परमेश्वर असल्याचं बजावतो, जणू प्रत्येक व्यवहाराखाली त्याची सही आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सहीत दिसतं. शेताची कड का राखायची? मालक दयाळू आहे म्हणून नव्हे, तर शेत मुळात देवाचं आहे म्हणून. कडेचं धान्य मालकाचं नव्हतंच. देवाला मालक मानलं नाही, तर कड राखणं हा शेतकऱ्याचा मोठेपणा ठरतो आणि वेचणारा त्याचा मिंधा होतो. देवाला मालक मानलं, की दोघेही त्याच्याच ताटात जेवणारे.

रूथचं पुस्तक हा कायदा प्रत्यक्षात कसा चाले ते दाखवतं. रूथ मवाबी, म्हणजे परकी. त्यात विधवा, घरात म्हातारी सासू. बेथलेहेमात जवाची कापणी चालू असताना ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. बवाजाने काय केलं ते नीट वाच. त्याने तिला धान्याची रास उचलून दिली नाही. आपल्या गड्यांना त्याने सांगितलं, की तिला पेंढ्यांमधून वेचू द्या, मुद्दाम काही कणसं तिच्यासाठी गळू द्या आणि तिला टाकून बोलू नका. रूथने संध्याकाळपर्यंत वेचलं, झोडलं आणि स्वतःच्या कष्टाचे जव सासूकडे नेले. तिचं पोट भरलं आणि मानही राहिला. ही परकी बाई पुढे दावीद राजाची पणजी झाली आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलं.

वस्तीतल्या मुलांकडे जाताना तू हे ध्यानात ठेव. तुमच्या भेटीनंतर त्या मुलांची मान वर होते की खाली जाते? त्यांचे फोटो काढून मोबाइलवर टाकण्याआधी त्यांच्या आईला कुणी विचारतं का?

शेजारी कोण, हा प्रश्नही एका शास्त्र्यानेच येशूला विचारला होता, आणि उत्तरात त्याने यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्याची गोष्ट सांगितली. सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरची ती वाट. उतार एवढा, की माणूस जवळजवळ हजार मीटर खाली जातो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, लुटारूंना लपायला सोयीचे. तिथे लुटारूंनी मारून टाकून दिलेल्या जखमी माणसाला बघून याजक पुढे निघून गेला, लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी. यहुदी शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणीही पीत नसत. आपल्या महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तू वाचली आहेस. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपलं सोवळं सांभाळूनच. मग जात ही देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. पाण्याच्या भांड्यापाशी त्यांची अडचण सुटली आणि तिथूनच ख्रिस्ताची वाट मोकळी झाली. आपल्या मंडळ्यांमध्ये लग्न जमवताना आजही जात विचारली जाते, तेव्हा मला त्या बाईची आठवण येते आणि आपली लाज वाटते.

त्या शोमरोन्याने काय काय केलं ते मी आयुष्यभर नर्सच्या डोळ्यांनी वाचत आले. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेऊन रात्रभर शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे तेव्हाची दिवसाची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून गेला. या शेवटच्या वाक्यावर उपदेशक थांबत नाहीत, पण मला ते फार मोलाचं वाटतं. एका रात्रीचा उमाळा पुष्कळांना येतो. परत यायचं कबूल करणारा विरळा.

नोकरीत माझी बरीच वर्षं कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात गेली, हे तुला ठाऊक आहे. त्या रोगात पाय बधिर होतो. खिळा घुसला, निखारा लागला तरी रोग्याला कळत नाही, आणि जखम हाडापर्यंत जाते. आमचं रोजचं काम असं: पाय साध्या पाण्यात भिजत ठेवायचा, कातडी मऊ झाली की जखमेच्या कडेचा घट्टा हळूहळू खरवडायचा, भोवतीच्या ओलसर कातडीला तेल चोळायचं म्हणजे ओल आत टिकते, जखम स्वच्छ करून पट्टी बांधायची. काही रोगी आशीर्वाद देत, काही शिव्या देत. एक म्हातारा जखम भरून घरी जाई आणि पुन्हा तशीच जखम घेऊन येई, कारण दिलेली चप्पल न घालता तो ढेकळांतून अनवाणी हिंडायचा. नव्या नर्सेस चिडायच्या. आमच्या वयस्कर सिस्टर मात्र काही न बोलता स्टूल ओढून त्याच्या पायाशी बसत आणि पहिल्यांदा पाहत असल्यासारखा तो पाय हातात घेत. रोज सकाळी ड्यूटी सुरू होण्याआधी वॉर्डात प्रार्थना व्हायची आणि त्या प्रार्थनेत सिस्टर रोग्यांची नावं एकेक करून घ्यायच्या, त्या म्हाताऱ्याचंही.

त्या प्रार्थनेचं काम काय होतं, ते मी तिथे पाहिलं. आपल्या दयेवर सेवा चालली, की ती आभारांची वाट बघू लागते. आभार आले नाहीत की ती आटते, नाहीतर कडवट होते. ज्याने हा म्हातारा घडवला, त्याच्यासमोर सकाळी त्याचं नाव घेतलेलं असलं, की दुपारी त्याच्या शिव्या ऐकूनही हात चालू राहतो. म्हणून तू उपासना सोडू नकोस. वस्तीतली मुलं पहिल्या महिन्यात तुला बिलगतील. सहाव्या महिन्यात त्यांतलं एखादं तुझी पर्स उघडेल. त्या दिवशी तुला देवाची गरज लागेल, आणि त्याची सवय आधीपासून असायला हवी.

पंडिता रमाबाईंकडे बघ. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ मैलोगणती पायी हिंडले. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, एवढ्या जणींना ठेवणार कुठे? मग दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, आणि छापखाना चालवणाऱ्या बायकाच होत्या. अंध मुलींसाठी ब्रेल शिकवण्याचीही सोय झाली. आणि हा सगळा संसार चालू असतानाच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. 1921 साली लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 1922 साली त्या स्वतः गेल्या आणि 1924 साली तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. धान्याच्या कोठाराचा हिशोब आणि हिब्रूचा कोश एकाच टेबलावर असणारी ती बाई होती. यातलं देवाचं काम कोणतं आणि माणसाचं कोणतं, हे मला वेगळं काढून दाखव.

आता हॉस्टेलवरच्या त्या मुलीबद्दल. योहानाने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तिच्यासारख्यांना स्पष्ट सांगून ठेवलं आहे: दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणारा माणूस न दिसणाऱ्या देवावर प्रीती करू शकत नाही. तेव्हा तुझी तक्रार खरी आहे. पण लेवीयच्या त्याच अध्यायात इकडचं तिकडे न सांगण्याची आणि चुकणाऱ्याला तोंडावर सांगण्याचीही आज्ञा आहे, हे विसरू नकोस. तू मला लिहिलंस, तिला सांगितलंस का? तिला एकटीला गाठून, चारचौघींत नव्हे, शांतपणे सांग. ऐकणं न ऐकणं तिच्याकडे. आणि तिची पहाटेची प्रार्थना थट्टेवारी नेऊ नकोस. तिला जे जमतं ते तुला अजून जमत नाही.

बाकी माझं मागणं थोडं आहे. मुलांच्या आयांशी बोल आणि वर्ग रविवारी दुपारी घ्या. सकाळी उपासनेला जा, प्रभुभोजन चुकवू नकोस. मुलांची नावं वहीत लिही आणि रात्री झोपण्याआधी देवापुढे घे. मेसच्या बाईंचे पैसे ठरलेल्या तारखेला देत जा. त्या मागेपर्यंत थांबणं म्हणजे मजुरी रात्रभर घरात ठेवणंच आहे. हॉस्टेलच्या मावशींचं नाव माहीत नसेल तर आजच विचार. आणि स्कॉलरशिपचे पैसे खात्यात येतील त्याच दिवशी दुसऱ्यासाठीचा हिस्सा बाजूला काढ, वेळेचाही तसाच काढ. महिनाअखेरीस उरलं तर देऊ, असं म्हणू नकोस. उरत नसतं. कड पीक कापायच्या आधीच राखावी लागते.

तुझी,
आजी