पणाची मर्यादा

काशीच्या समोर, गंगेच्या पैलतीरावर रामनगरचा किल्ला उभा आहे. बलवंतसिंह राजाने १७५० च्या सुमारास चुनारच्या दगडात तो बांधला. त्याच्या आवारात वेदव्यासांचे मंदिर आहे. शिवाच्या रोषामुळे काशी सोडावी लागलेल्या व्यासांनी या तीरावर वास केला, अशी श्रद्धा आहे. राजवाड्यातच व्यासांचे देवालय असावे, यात एक औचित्य आहे. कारण राजाने काय पणाला लावावे आणि काय लावू नये, हा प्रश्न व्यासांच्या महाभारतानेच भर राजसभेत उभा केला.

जुगारात फासे वा पत्ते हे निमित्त असते. खरी शक्ती असते ती पण वाढवण्यात. एकाने पण वाढवला की दुसऱ्याला निवड करावी लागते: तेवढी भर घालावी, त्याहून अधिक वाढवावे, किंवा पत्ते टाकून उठावे. उठण्यात लाज असते आणि वाढवणारा त्या लाजेवरच खेळत असतो. म्हणूनच पोकरसारख्या खेळाने या शक्तीला कुंपणे घातली. वाढ निदान मागच्या वाढीइतकी हवी. उच्चारलेला पण परत घेता येत नाही. आणि मुख्य म्हणजे डाव सुरू होताना जे पटावर आहे, तेवढेच पणाला लावता येते. मध्येच खिशात हात घालता येत नाही. ज्याच्याजवळ कमी उरले, त्याने आहे ते सारे लावावे; पैसे अपुरे म्हणून त्याला हाकलता येत नाही, किंवा त्याच्याकडून घरचे काही मागताही येत नाही.

हस्तिनापूरच्या सभेत हे कुंपण नव्हते. पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे, ही विषमता युधिष्ठिराला खटकली होती. तरी तो बसला. रत्ने, सोने, रथ, दासदासी, हत्ती, घोडे असे करीत तो भावांपर्यंत पोहोचला. नकुल आणि सहदेव गेल्यावर, माद्रीचे पुत्र लावलेस, कुंतीचे मात्र तुला अधिक प्रिय दिसतात, असे शकुनीने डिवचले. अर्जुन गेला, भीम गेला, शेवटी युधिष्ठिर स्वतःला हरला. तेव्हा शकुनीनेच द्रौपदीची आठवण करून दिली. प्रत्येक पायरीवर जिंकणाऱ्यानेच पुढचा पण सुचवावा आणि हरणाऱ्याने तो आपलाच निश्चय मानावा, हे या द्यूताचे भयंकर रूप आहे.

द्रौपदीने निरोप घेऊन आलेल्या प्रातिकामीला परत पाठवले आणि विचारायला सांगितले: राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? वरवर पाहता हा नियमाचा प्रश्न आहे. जो स्वतः दास झाला, त्याच्या पटावर काहीच उरलेले नव्हते. तेव्हा तो पणच रद्द ठरतो. विकर्णाने हा मुद्दा स्पष्ट मांडला. भीष्म मात्र धर्माच्या सूक्ष्मतेपाशी अडखळले.

पण क्रम उलटा असता तर? युधिष्ठिराने आधी द्रौपदीला आणि मग स्वतःला लावले असते, तर नियमाची त्रुटी उरली नसती. आणि तरीही घडले ते तितकेच अन्याय्य ठरले असते. ज्या नियमाने द्रौपदी केवळ क्रमाच्या योगायोगाने सुटते, तो नियम न्यायाला पुरेसा नाही. पटावर किती आहे हे खेळाचा नियम सांगतो; पटावर काय ठेवता येते, हे तो सांगू शकत नाही. ती मर्यादा खेळाच्या आधीची आहे.

वनपर्वातल्या नलापुढेही हीच वेळ येते. सर्वस्व गेल्यावर पुष्कर दमयंतीला पणाला लावण्यास सुचवतो. नल काही न बोलता अलंकार उतरवतो आणि निघून जातो. परंतु राज्य परत मिळवण्याच्या डावात तोच नल आपल्या पणात दमयंतीचे नाव घेतो. हरताना पाळलेली मर्यादा जिंकण्याच्या विश्वासात सैल व्हावी, इतका हा मोह जुना आहे.

आज पट बदलला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. कायदा अड्डा बंद करू शकतो. परंतु शेत, दागिने, मुलांच्या शिक्षणाची पुंजी ही आपलीच आहे असे मानून ती लावणाऱ्याला, ती कोणाकोणाची आहे, हे त्याने स्वतःलाच विचारावे लागते. घरातल्यांना हा प्रश्न बहुधा डाव संपल्यावरच विचारता येतो.

सभेने द्रौपदीला उत्तर दिले नाही. भयभीत धृतराष्ट्राने वर दिले. पहिल्या वराने तिने युधिष्ठिराला मुक्त केले, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना त्यांच्या रथांसह आणि धनुष्यांसह. तिसरा वर मात्र तिने नाकारला. लोभ धर्माचा नाश करतो, असे तिने सांगितले. त्या दिवशी त्या सभेत कुठे थांबावे हे जिला कळले, ती खेळायला बसलेली नव्हती. ती पणाला लागलेली होती.