दात जिथं झिजतात

गाडी सपाटीवर उभी आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, गिअर न्यूट्रलमध्ये. मागं दुधाचे क्रेट असतील, नाहीतर प्लंबिंगचे पाइप. त्यांचा आणि वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवा. किल्ली हातात असू द्या, फिरवू मात्र नका. मघाशी सेल्फ मारला तेव्हा आलेला आवाज मनात आणा. घाईच्या वेळी आपण तो ‘सेल्फ गेला’ एवढ्यावर सोडून देतो. आता तो नीट ऐकूया.

आधी सगळं ठीक असताना आत काय होतं ते सावकाश पाहा. किल्ली फिरली की बारीक वायरमधून थोडा करंट सोलेनॉइडकडं जातो. सोलेनॉइडमधला दांडा आत खेचला जातो आणि त्याला जोडलेला काटा एक लहान दातेरी चाक पुढं सरकवतो. गॅरेजमध्ये त्याला बेंडिक्स म्हणतात. समोर फ्लायव्हीलची रिंग स्थिर उभी असते. लहान दात मोठ्या दातांच्या खाचेत शिरतात, आणि दांडा आपल्या टोकाला पोचला की मग तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. बॅटरीचा खरा जोर मोटरला तेव्हा कुठं मिळतो. इथं जरा थांबा. आधी दातांत दात, मग जोर. ज्यांनी हा क्रम बसवला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

बेंडिक्सला साधारण नऊ-दहा दात असतात, रिंगला शंभराच्या वर. लहान चाक दहा-बारा वेळा फिरतं तेव्हा फ्लायव्हीलचा एक फेरा पुरा होतो. मुठीएवढ्या जाडीची मोटर अख्खं इंजिन फिरवते ती या हिशेबावर. इंजिनानं घेतलं की हिशेब उलटा होतो. ८०० आरपीएमवर चालणारं इंजिन त्या मोटरला मिनिटाला ८,००० पेक्षा जास्त फेरे द्यायला लागेल. तसं होऊ नये म्हणून बेंडिक्समध्ये एकाच दिशेनं पकडणारा क्लच असतो. तो मोटरला ढकलू देतो, इंजिनाला मात्र मोटर ओढू देत नाही.

हा सेल्फ नव्हता तेव्हा माणूस पुढं उभा राहून हँडल मारत असे. जुन्या अँबेसिडरवाल्यांना हे ठाऊक आहे. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि तो झटका माणसाच्या हातावरून लोखंडाच्या दातांवर गेला. तुमच्या गाडीतले ते दात आजही रोज तो सोसतात.

आता पुन्हा आवाजाकडं या. एकच ‘टक्’ होऊन सगळं गप्प झालं असेल, तर त्या क्षणी दिव्यांचं काय झालं ते आठवा. दिवे मंदावले असतील तर संशय बॅटरीवर, टर्मिनलवरच्या पांढऱ्या बुरशीवर, नाहीतर बॉडीला जोडलेल्या अर्थच्या केबलवर. दिवे लख्ख राहिले असतील तर सोलेनॉइडचे काँटॅक्ट किंवा मोटरचे कार्बन झिजले असावेत. ‘टकटकटक’ असा ताशा वाजला असेल तर बहुतेक बॅटरी बसली आहे. चांगली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टमीटरचा काटा साडेनऊच्या खाली गेला तर मोटर खोलण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

आणि आवाज ‘खर्रर्र’ असेल, दातांनी दात खाल्ल्यासारखा, तर इथं बराच वेळ बसू.

हा आवाज रोज येत नाही, म्हणूनच तो फसवतो. दोन दिवस गाडी मुकाट्यानं चालू होते, तिसऱ्या दिवशी भर बाजारात कोकलते. यामागचं कारण मला फार विचार करण्याजोगं वाटतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला कुठला तरी एक सिलिंडर हवा दाबत असतो. तुम्ही किल्ली बंद करता तेव्हा फ्लायव्हील आपल्या वजनानं आणखी थोडं फिरतं, दाबलेली हवा ओलांडता आली नाही की थबकतं, किंचित मागं येतं आणि थांबतं. म्हणून ते वाटेल तिथं थांबत नाही. समोरासमोरच्या दोनच जागांच्या आसपास थांबतं. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर अशा जागा तीन. रोज सकाळी बेंडिक्स येऊन आदळतो तो त्याच मूठभर दातांवर. बाकीची रिंग वर्षानुवर्षं जवळजवळ कोरी राहते. रिंग झिजते ती इंजिन जिथं थांबतं तिथं.

ही गोष्ट मनात थोडी मुरू द्या. आपण बंद करतो त्या क्षणाकडं कुणाचंच लक्ष नसतं. माल उतरवायची घाई असते, हात सवयीनं किल्ली फिरवतो. आणि दिवसाचे वीस-पंचवीस थांबे घेणाऱ्या गाडीत ते दात दिवसातून तितक्याच वेळा मार खातात. लांब पल्ल्याच्या ट्रकपेक्षा गल्लीबोळांतली व्हॅन इथं जास्त भोगते.

वाटेत अडकलात तर किल्ली बंद ठेवून हँडब्रेक सोडा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि किंचित पुढं ढकला. फ्लायव्हील थोडं सरकतं आणि बेंडिक्ससमोर चांगला दात येतो. मग गिअर पुन्हा न्यूट्रलमध्ये. त्या दिवसापुरतं निभावतं.

घाईघाईनं नवी सेल्फ मोटर मात्र बसवू नका. खराब रिंग नव्या बेंडिक्सलाही तसंच खाते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मोटर उतरवा आणि तिच्या मोकळ्या जागेतून टॉर्चचा उजेड आत पाडा. दुसऱ्या माणसाला पुढच्या पुलीच्या बोल्टला पान्हा लावून इंजिन हळूहळू फिरवायला सांगा. रिंगवर खडूची एक खूण करा, म्हणजे फेरा कुठं पुरा झाला ते कळेल. दात एकेक करून समोर येऊ द्या. बराच वेळ ते चौकोनी, करड्या रंगाचे दिसतील. मग अचानक काही दात पुढच्या कडेला गोलावलेले, चकचकीत, एखादा अर्धा तुटलेला. अर्ध्या फेऱ्यावर पुन्हा तसेच. एकदा डोळ्यांनी पाहिलं की शंका उरत नाही.

रिंग फ्लायव्हीलवर बहुधा वेल्ड केलेली नसते. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव चढवत, तशीच ही बसते. ३०० मिलिमीटरची रिंग २०० अंशांनी तापवली की तिचा व्यास सुमारे पाऊण मिलिमीटरनं वाढतो, आणि तेवढ्या फटीवर ती अलगद उतरते. गार होताना आवळते. जाणता लेथवाला तिला लाल होऊ देत नाही, कारण लाल झाली की दातांचा कडकपणा जातो. पाणी ओतून गारही करत नाही. तो थांबतो, तेव्हा तुम्हीही त्याला घाई करू नका.

रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रिंगपेक्षा तो उतरवण्याचं काम मोठं, आणि त्यात तुमचा एक दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून तो उतरलेला असताना स्वतः जाऊन उभे राहा. क्लचप्लेटची जाडी बघा, रिलीज बेअरिंग हातात फिरवून त्याची खरखर ऐका, आणि क्रँकच्या मागच्या सीलखाली बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर सील त्याच दिवशी बदलून घ्या.